ऊन पाण्याकाठचा मुक्काम

भिलाईला उष्णतेचे अप्रूप नाही. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून त्या नगरीच्या एका अंगाला अहोरात्र विस्तव आहे. भट्टीतून बाहेर पडणारा लोखंडाचा रस चौदाशे-पंधराशे अंशांवर तापलेला असतो. आणि मे महिन्यात आकाशातला सूर्यही आपल्या परीने काही कमी करीत नाही. अशा गावात राहणाऱ्या माणसाला कोणी सांगितले, की ऊन पाण्यात बसून राहण्यासाठी चार दिवसांची रजा काढ, तर तो प्रथम सांगणाऱ्याच्याच कपाळाला हात लावून पाहील.

पण हाच माणूस पौष महिन्यात भेटला तर त्याचे मत निराळे असते. छत्तीसगडची थंडी कोरडी आणि बोचरी. पहिल्या पाळीला जाणाऱ्याला उजाडण्यापूर्वी उठावे लागते, आणि त्या वेळी न्हाणीघरातून येणाऱ्या वाफेइतके प्रिय जगात दुसरे काही नसते. भिलाई-दुर्ग भागात मराठी घरे पुष्कळ आहेत. काही कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून आली, तर काही त्याच्याही कितीतरी आधीची, नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता तेव्हापासूनची. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानीच नागपूर होती. या घरांत एके काळी तांब्याचा बंब हमखास असे. चिंचेने घासून लखलखीत केलेला, पोटात निखारे घेऊन पहाटेपासून गुरगुरणारा. आता त्याची जागा भिंतीवरच्या गीझरने घेतली आहे. तरी नरकचतुर्दशीला तेल-उटणे लावून कढत पाण्याने नाहण्याची ओढ काही गीझरबरोबर वाहून गेलेली नाही.

मराठी भाषेने या ओढीची खूण आपल्या शब्दांत जपून ठेविली आहे. 'ऊन' म्हणजे केवळ सूर्याचा ताप नव्हे. ऊन म्हणजे गरम. भात ऊन असतो, भाकरी ऊन असते आणि पाणीही ऊन असते. संस्कृत 'उष्ण' शब्दाचे हे घरगुती रूप नकाशावरही सापडते. खानदेशात चोपडे तालुक्यात उनपदेव आहे, नांदेड जिल्ह्यात किनवटजवळ पैनगंगेच्या खोऱ्यात उनकेश्वर आहे, पालीजवळ उन्हेरे आहे, दापोलीच्या बाजूस उन्हवरे आहे आणि राजापुरापाशी तर गावाचे नावच उन्हाळे. ही सगळी नावे एकच गोष्ट सांगतात, की येथे भुईतून ऊन पाणी येते.

भिलाईकरांना ही गावे दूर पडतात. परंतु त्यांच्या राज्यातही असे एक ठिकाण आहे आणि त्याचे नावही याच घाटणीचे आहे. ते म्हणजे तातापानी. स्थानिक बोलीत 'ताता' म्हणजे तापलेले. दुर्गहून रात्रीच्या अंबिकापूरच्या गाडीत बसले की दुसऱ्या सकाळी सरगुज्याच्या पठारावर उतरता येते. तेथून रामानुजगंजच्या रस्त्याने, सालवनांमधून, तातापानी गाठावयाचे. पूर्वी हा भाग सरगुजा जिल्ह्यात मोडत असे; २०१२ पासून बलरामपूर-रामानुजगंज असा निराळा जिल्हा झाला आहे.

तातापानीचे पाणी कोकणातल्या पाण्यासारखे सौम्य नव्हे. काही ठिकाणी ते जवळजवळ उकळते असते. थंडीच्या सकाळी सगळ्या माळावर वाफेचे पडदे हलत असतात आणि गंधकाचा वास दुरूनच स्वागताला येतो. लोककथा अशी, की वनवासात असताना रामाने खेळता खेळता भिरकावलेला खडा सीतामाईच्या हातातल्या कढत तेलाच्या वाटीला लागला. तेल सांडले, आणि जेथे जेथे त्याचे थेंब पडले तेथे तेथे ऊन पाण्याचे झरे फुटले. उनपदेव आणि उनकेश्वर येथील कथांतही राम आहेच. तेथे तो शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी जमिनीत बाण मारून पाणी काढतो. ऋषीची पीडा हरण करणाऱ्या बाणापेक्षा पत्नीच्या हातून तेल सांडविणारा हा खेळकर राम अधिक जवळचा वाटतो. भूगर्भशास्त्रज्ञ मात्र सांगतात, की शोण आणि नर्मदा या नद्यांच्या दिशेने भूकवचात एक फार जुना भंगपट्टा गेलेला आहे. त्याच्या भेगांतून पावसाचे पाणी खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दाबाने पुन्हा वर येते. कोकणातले झरेही असेच, तापलेल्या पावसाचे. पालघरपासून राजापुरापर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, ते एका रांगेने मांडल्यासारखे आहेत.

मकरसंक्रांतीला तातापानीला मोठी जत्रा भरते. खेड्यापाड्यांतून माणसे येतात, स्नान करतात, देवदर्शन घेतात, मुलांना पाळण्यात बसवितात आणि संध्याकाळी परत जातात. आलेला माणूस राहत नाही. ऊन पाणी आहे, वाफ आहे, कथा आहे, माणसांची रीघ आहे. पण त्या पाण्याकाठी चार दिवस बिऱ्हाड करावे, अंग शेकावे, जेवावे, झोपावे आणि पुन्हा पाण्यात उतरावे, ही रीत तेथे रुजली नाही.

महाराष्ट्रात ती काही प्रमाणात होती. तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या गावांना मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. वसईच्या विजयानंतर, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ बांधविले. किल्ल्यासारख्या तटाचे ते देऊळ आजही उंचावर उभे आहे. गणेशपुरीला भगवान नित्यानंदांच्या वास्तव्यामुळे भाविकांचा ओघ वाढला. संधिवाताने आखडलेली आजी, कातडीच्या विकाराने गांजलेला गृहस्थ, बाळंतपणानंतर अशक्त झालेली लेक, अशी मंडळी गाठोडे, पातेली आणि पिठाची पिशवी घेऊन येत. धर्मशाळेत एक खोली मिळे. तीन दगडांची चूल मांडावयाची, पिठलेभात करावयाचा आणि सकाळ-संध्याकाळ कुंडात बसावयाचे. पावसाळ्यात नदीला पूर आला की काठची कुंडे पाण्याखाली जात, आणि मग सगळाच कारभार आटोपता घ्यावा लागे.

ही रीत नीट पाहिली तर जपानी माणसाला ती ओळखीची वाटेल. त्या देशात तिला 'तोजी' म्हणतात. तोजी म्हणजे ऊन पाण्याने करावयाचा उपचार. भाताची कापणी आटोपली की जपानी शेतकरी भांडी-तांदूळ पाठीवर घेऊन डोंगरातल्या झऱ्याकाठी जाई. सात दिवसांचा एक फेरा मानीत, आणि तीन फेरे केले म्हणजे उपचार पुरा झाला असे समजत. खोली भाड्याने मिळे. स्वयंपाक आपला आपण. वज्रेश्वरीची धर्मशाळा आणि ईशान्य जपानातले असे जुने बिऱ्हाड यांच्यात चुलीच्या धुराचाही फरक नसावा. पण पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. आपल्याकडे धर्मशाळा धर्मशाळाच राहिली आणि हळूहळू पडली. तेथे मात्र अशाच मुक्कामांतून एक पूर्ण विकसित पाहुणघर निर्माण झाले. त्याचे नाव ऱ्योकान.

हा पाहुणघराचा व्यवसाय किती जुना असावा? यामानाशी प्रांतातले केइउनकान नावाचे पाहुणघर आपली स्थापना इ. स. ७०५ मधली असल्याचे सांगते, आणि गिनीजच्या विक्रमग्रंथाने २०११ साली ते जगातले सर्वांत जुने हॉटेल म्हणून नोंदविले. इशिकावा प्रांतातले होशी हे दुसरे. त्याचे साल ७१८. म्हणजे वेरूळचे कैलास लेणे कोरावयास प्रारंभ होण्यापूर्वी सुमारे अर्धशतक तेथे पाहुण्यासाठी अंथरूण घातले जात होते. केइउनकान एकाच घराण्यात बावन्न पिढ्या चालले असे सांगतात. अशा सनावळ्या शंभर टक्के कागदावर सिद्ध होत नाहीत, हे खरे. पण त्या गावात पाहुण्याला आणि पाण्याला किती मान होता, तेवढे त्यांवरून कळते.

अशा ऱ्योकानमध्ये पाहुणा दुपारी तीनच्या सुमारास पोहोचतो. त्याआधी येऊ नये, कारण खोल्या अजून आवरल्या जात असतात. प्रवेशद्वाराशी दगडी उंबरा असतो. तेथे पायताण उतरावयाचे. हे सांगावयास भारतीय पाहुण्याला शब्द लागत नाही. घरची मालकीण, जिला ओकामी म्हणतात, गुडघ्यांवर बसून वाकून स्वागत करते. ऱ्योकानचा सारा डोलारा या बाईवर असतो. कोणता पाहुणा कोणत्या खोलीत, कोणाला काय पथ्य, कोण मागच्या खेपेला केव्हा आला होता, हे तिच्या ध्यानात असते. आपल्याकडच्या मोठ्या वाड्यातली कर्ती बाई जशी, तशीच ती. नाकाई म्हणजे खोलीवरची सेविका. ती पाहुण्याला आत नेते, चहा आणि गोडाचा एक घास पुढे ठेवते.

खोलीत सामान असे जवळजवळ नसतेच. गवताच्या विणीच्या जाड चटया, ज्यांना तातामी म्हणतात, बसावयास उशी, मध्ये बुटके मेज, आणि एका कोनाड्यात लांब चित्रपट व ऋतूतले एखादे फूल. खुर्ची नाही, पलंग नाही. पहिल्यांदा जाणारा भांबावून विचारतो, की निजावयाचे कोठे? त्याचे उत्तर रात्री मिळते. जेवणानंतर भिंतीतल्या कपाटातून गाद्या निघतात आणि तीच दिवाणखान्याची खोली शयनगृह होते. आपल्या चाळीतल्या एका खोलीत हा चमत्कार रोजच घडत आला आहे. फरक इतकाच, की तेथे तो चमत्कार करणारे दुसरे असतात आणि पाहुण्याने त्याचे चांगले पैसे मोजलेले असतात.

मग युकाता चढवावयाचा. हा सुती झगा. त्याची डावी बाजू उजवीवर यावी लागते. उलट घातला तर यजमान नम्रपणे येऊन दुरुस्त करून देतात, कारण उजवी बाजू वर ही प्रेताला वस्त्र नेसविण्याची रीत आहे. परक्या देशात एका बाजूच्या पदराने माणूस जिवंत की मृत हे ठरावे, ही गोष्ट ऐकावयास गमतीची. पण अपसव्य आणि सव्य यांचा भेद पाळणाऱ्या समाजाला ती समजावयास कठीण जाऊ नये.

आणि आता स्नान. येथे भारतीय पाहुण्याची खरी परीक्षा असते. स्नानगृहाच्या दारावर पडदे असतात, पुरुषांसाठी बहुधा निळा आणि स्त्रियांसाठी तांबडा. आत गेले की सर्व वस्त्रे उतरवून टोपलीत ठेवावयाची. सर्व म्हणजे सर्व. लंगोट किंवा पोहण्याचा पोशाख चालत नाही. आपल्याकडे पुरुष पंचा नेसून आणि स्त्रिया नेसत्या वस्त्रानिशी कुंडात उतरतात. तेव्हा अपरिचितांसमवेत असे उघडे होण्याची कल्पनाच पुष्कळांना परत फिरविते. परंतु त्या नियमामागे जो विचार आहे तो अंगाच्या उघडेपणाचा नव्हे, पाण्याच्या निर्मळपणाचा आहे. हौदात उतरण्यापूर्वी भिंतीकडेच्या बुटक्या चौरंगावर बसून, साबण लावून, पायाच्या नखापर्यंत अंग धुवावे लागते. साबणाचा एक कणही उरता कामा नये. हौद मळ काढण्यासाठी नसतोच. तेथे स्वच्छ झालेले अंगच भिजवावयाचे. बरोबरचा छोटा पंचा पाण्याला लावावयाचा नाही; घडी करून डोक्यावर ठेवावयाचा. बोलणे हलके, पोहणे नाही, पाणी उडविणे नाही. पाणी साधारणपणे चाळीस-बेचाळीस अंशांचे. दहा मिनिटे झाली की अंग तांबूस होते, आणि बाहेर बर्फ पडत असले तरी माणूस उघड्यावर आरामात बसू शकतो.

कुसात्सु नावाच्या गावचे पाणी फारच कढत. ते निववावयाचे तर त्यात थंड पाणी ओतावे, असे कोणीही म्हणेल. कुसात्सुकर तसे करीत नाहीत, कारण त्याने पाण्याचे गुण पातळ होतात. बायकांची एक रांग हौदाभोवती उभी राहते आणि लांब फळ्यांनी, गाण्याच्या तालावर, पाणी घुसळते. १८७६ साली वैद्यकशास्त्र शिकविण्यासाठी जपानात आलेले जर्मन डॉक्टर बेल्झ यांनी या गावच्या पाण्याची कीर्ती युरोपात नेली.

स्नानानंतर जेवण. ते ऱ्योकानच्या दरातच धरलेले असते: एक रात्र, दोन जेवणे आणि आकार माणशी. छोट्या छोट्या वाट्यांतून, ऋतूप्रमाणे, एकामागून एक पदार्थ येतात. प्रत्येकाचा रंग आणि पात्र ठरलेले. शाकाहारी मराठी पाहुण्याने मात्र सावध असावे. भाजी भाजीच दिसते, सार साधेच दिसते. पण बहुतेक सारांचा पाया वाळविलेल्या मासळीच्या अर्काचा असतो, आणि यजमानाला तो मांसाहार वाटतच नाही. आधीच कळविले तर बौद्ध मठांच्या पद्धतीचे निखळ शाकाहारी जेवण काही ठिकाणी मिळते. सकाळी पुन्हा भात, सार, अंडे, भाजलेली मासळी. दहाच्या सुमारास निरोप. ओकामी आणि तिची माणसे दाराशी उभी राहतात आणि गाडी वळणाआड होईपर्यंत हात हलवीत राहतात.

इतके सगळे वर्णन ऐकून असे वाटेल, की ऱ्योकान म्हणजे निवळ सौजन्याचा आणि सौंदर्याचा कारभार. तसे नाही. या पाण्यासाठी जपानी गावे आपसांत कडाडून भांडली आहेत, आणि त्यांतले एक भांडण भिलाईला व तातापानीलाही सांगण्याजोगे आहे.

ते किनोसाकी या गावचे. पायाला जखम झालेला एक करकोचा येथल्या पाण्यात उभा राहून बरा झाला, अशी या गावची दंतकथा. मधून एक लहान नदी वाहते, तिच्या दोन्ही काठांना वाळुंजाची झाडे, आणि गावात विखुरलेली सार्वजनिक स्नानगृहे. १९१३ साली कथाकार शिगा नाओया तोक्योत आगगाडीचा धक्का लागून जखमी झाले, तेव्हा ते विश्रांतीसाठी येथेच येऊन राहिले. त्या मुक्कामावरची त्यांची कथा जपानी शाळांतून वाचली जाते. किनोसाकीत जुना दंडक असा होता, की पाहुणघरांनी आपल्या आवारात ऊन पाण्याचे स्नानगृह करावयाचे नाही. पाहुण्याने युकाता आणि लाकडी खडावा घालून बाहेर पडावे आणि गावच्या स्नानगृहात जावे. स्टेशन हे घराचे दार, रस्ता हा ओसरी, पाहुणघरे या खोल्या आणि सार्वजनिक स्नानगृहे ही न्हाणी, असे अवघे गाव मिळून एकच पाहुणघर आहे, ही त्या गावची समजूत. यामुळे पाहुणा रस्त्यावर येई. आणि तो रस्त्यावर आला की चहावाल्याचे, खेळणीवाल्याचे, खडावा करणाऱ्याचे पोट भरे.

१९२५ च्या मे महिन्यात भूकंप झाला, त्यापाठोपाठ आग लागली आणि गाव बेचिराख झाले. पुन्हा उभारणी चालू असताना, १९२७ साली, एका मोठ्या पाहुणघराने आपल्याच जमिनीतल्या पाण्यावर आवारात स्नानगृह काढले. 'जमीन माझी, पाणी माझे' हा त्याचा दावा. गावाने उत्तर दिले, की जमीन तुझी असेल, पाणी सगळ्यांचे आहे. गाव दुभंगले. प्रकरण न्यायालयात गेले आणि महायुद्ध येऊन संपले तरी वाद संपला नाही. अखेर १९५० साली समेट झाला. पाण्याचा कारभार गावाच्या सामाईक संस्थेकडे राहिला. पाहुणघरांना आत स्नानगृहे काढण्याची मुभा मिळाली, पण बेताच्या आकाराची. म्हणून आजही किनोसाकीत पाहुणघराचे स्नानगृह लहान असते, आणि मुक्कामाच्या पाहुण्याला गावच्या स्नानगृहांत शिरण्याचा परवाना आपोआप मिळतो. संध्याकाळी रस्त्यावर खडावांची टाप ऐकू येते.

ज्या वर्षी किनोसाकीचा हा वाद पेटला, त्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेत होते. महाड कोकणच्या त्याच उन्हाळ्यांच्या पट्टीत आहे. जवळच सव या गावी सावित्रीच्या काठी ऊन पाण्याचे झरे आहेत. दोन्ही प्रश्न एका मापाने मोजता येणार नाहीत. किनोसाकीत धंद्याचा आणि गावाच्या पोटाचा प्रश्न होता. महाडला माणसाला माणूस मानण्याचा. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले होते, तरी पाण्याला हात लावणाऱ्यांवर हल्ला झाला. आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल लागावयास १९३७ उजाडावे लागले. आपल्याकडच्या कुंडांच्या पडझडीची कारणे शोधताना पैशाची टंचाई, व्यवस्थेचा अभाव वगैरे पुष्कळ सांगितले जाते. परंतु एकाच हौदात अनोळखी माणसाशेजारी बसावयाचे असेल, तर प्रथम त्याच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही हे मनापासून पटावे लागते. ते पटावयास आपल्याला फार उशीर झाला. ऱ्योकानसारखे घर येथे का उभे राहिले नाही, याच्या उत्तराचा एक भाग तरी येथे आहे.

दुसरा भाग कायद्याचा आहे. जपानने १९४८ साली ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. झरा कशाला म्हणावे, हे त्यात ठरविलेले आहे: उगमाशी पाणी पंचवीस अंश किंवा त्याहून ऊन असावे, अथवा नेमून दिलेल्या द्रव्यांपैकी एखादे तरी त्यात पुरेशा प्रमाणात असावे. नवी विहीर खणावयाची तर परवानगी लागते, कारण एकाच्या विहिरीने दुसऱ्याचा झरा आटू शकतो. पाण्याचे पृथक्करण करून त्याचा तक्ता स्नानगृहात लावावा लागतो. पाहुण्याकडून स्नानाचा लहानसा कर घेतला जातो, बहुधा दीडशे येन. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातल्या तीनशेहून अधिक उष्ण झऱ्यांची नोंद केली आहे. पण नोंद म्हणजे निगा नव्हे. पुष्कळ कुंडांच्या काठी साबणाचे कागद आणि शाम्पूच्या पुड्या पडलेल्या दिसतात, आणि भाविक तेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात.

जपानातही सगळे कुशल नाही. १९८० च्या सुमारास तेथे ८० हजारांहून अधिक ऱ्योकान होते. २०१७ पर्यंत ती संख्या ४० हजारांच्या खाली आली. मुले तोक्योला जातात, ओकामीचे चोवीस तासांचे जिणे सुनेला नको असते, आणि तरुण प्रवाशाला खाटेची खोली व स्वस्त दर हवा असतो. केइउनकानमध्येही बावन्न पिढ्यांनंतर, २०१७ साली, कारभार घराण्याबाहेरच्या माणसाकडे गेला. पोटच्या मुलाऐवजी तेथेच वाढलेल्या कर्मचाऱ्याने घर पुढे चालविले.

याहून कठीण प्रश्न विजेचा आहे. भूगर्भातल्या वाफेवर वीज काढता येते. इवाते प्रांतातले मात्सुकावा येथील असे वीजकेंद्र १९६६ पासूनचे आहे. ज्वालामुखींच्या त्या देशात भूऔष्णिक शक्तीचा साठा जगातल्या फार मोठ्या साठ्यांपैकी एक; तरी देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. याची कारणे अनेक आहेत. राखीव वनांचे कायदे आहेत, खर्च आहे. पण एक कारण पाहुणघरवाल्यांचे भय हेही आहे. खोल विहिरी खणल्या आणि आपला झरा आटला तर? शेकडो वर्षे चाललेले घर एका हंगामात बंद पडेल. वीज कंपन्या म्हणतात, आमचे पाणी फार खालच्या थरातले आहे, तुमच्या झऱ्याला धक्का लागणार नाही. पाहुणघरवाले म्हणतात, तसे लेखी द्या. काही गावांनी मध्यम मार्ग काढला आहे. झऱ्याचे कढत पाणी निववावयाचेच असते, तेव्हा त्या निवण्यातूनच थोडी वीज काढावयाची आणि उरलेले सुखोष्ण पाणी स्नानगृहाला द्यावयाचे.

तातापानीला हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे. तेथे भूवैज्ञानिकांनी विहिरी खणून वाफेची चाचपणी कधीच केली आहे, आणि देशातल्या भूऔष्णिक विजेच्या संभाव्य स्थळांत लडाखमधल्या पुगाबरोबर तातापानीचे नाव नेहमी घेतले जाते. ज्या राज्यात कोरब्याच्या कोळशावर एवढी वीज होते आणि भिलाईच्या भट्ट्या अहोरात्र धगधगतात, त्या राज्याला धूर न करणारा विस्तव मिळत असेल तर तो कोणाला नको असेल? पण त्या माळावर संक्रांतीला येणाऱ्या माणसांनाही त्या पाण्यावर काही म्हणावयाचे असेल. विहीर खणली जाईल तेव्हा त्यांना कोणी विचारील का, कुंडात येणारे पाणी मोजून ठेविले जाईल का, आणि उद्या तेथे महागडी विश्रामगृहे उभी राहिली तर आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना गुडघे शेकावयास जागा उरेल का, हे अजून कोठे लिहिले गेलेले नाही. किनोसाकीचा कागद लिहावयास तेवीस वर्षे लागली, आणि तेथे भांडणारे सगळे एकाच गावचे होते.

तूर्त तेथे संक्रांत आहे. पहाटेच्या धुक्यात वाफ मिसळलेली असते. शेकोटीशी बसलेली माणसे उठतात, निवलेल्या पाण्याच्या कुंडाकडे जातात, आणि एखादी आजी पायरीवर बसून फक्त पावले पाण्यात सोडते. भिलाईहून आलेल्या कुटुंबाने डब्यातून तिळगूळ आणलेला असतो. तो शेजारच्या अनोळखी मुलांच्या हातावर ठेवला जातो. दुपारनंतर परतीची वाहने भरू लागतात. अंबिकापूरला रात्रीची गाडी गाठावयाची असते, कारण सकाळी दुर्ग, आणि दुपारी दुसरी पाळी. गाडीत पांघरूण ओढून घेताना कपड्यांना गंधकाचा वास येत राहतो.